चव गेलेल्यांचा स्वयंपाक

जोव्हेलिन नुफाब्लेला वास येईनासा झाला होता, आणि ते कुणाला कळू न देता तिनं फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या एका मोठ्या हॉटेलात दुय्यम शेफ म्हणून सात महिने काढले.

साथीच्या दुसऱ्या वर्षी तिला ताप आला. आठ दिवसांत उतरलाही. पण जाताना वास घेऊन गेला, तो काही परत आणून दिला नाही. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत येईल. मग म्हणाले, वर्षभरात येईल. पुढे तिनं विचारणंच सोडलं. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढं कळायचं. पण तेलात पडलेला लसूण नुसता तापलाय, खमंग झालाय की करपायला आलाय, हे जे आजवर पाठमोरी असतानाही तिला समजायचं, ते सगळं पुसलं गेलं होतं.

आणि हे व्हावं तरी कुणाच्या बाबतीत! जोव्हेलिन समुद्रकाठच्या मियागाओची. आई जवळा खारवून, कुटून, मडक्यात मुरवून त्याचं गिनामोस करायची आणि बाजारात विकायची. घराला, कपड्यांना, वह्या-पुस्तकांना त्याचाच दर्प. शाळेत मुली नाक धरायच्या. पण त्या घरात वाढल्यामुळे असेल, कुठलं मडकं किती मुरलंय हे ती दारातून सांगायची. पुढे इलोइलोच्या पाककला विद्यालयात आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात मॅम पुरिंगनी तिला हेरलं. पुरिफिकासिओन तुपास हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त प्रमाणपत्रावर. मॅम पुरिंगचा दरारा असा, की मुलं त्यांच्यासमोर कांदा चिरतानासुद्धा डोळे पुसायला घाबरत. त्या बाईनं एकदा भर वर्गात म्हटलं होतं, "हिच्या नाकाचा विमा उतरवा कुणीतरी."

त्यांच्या तुकडीत बावीस जण होते. शिकून बाहेर पडले आणि पांगले. कुणी आखाती देशांतल्या हॉटेलांत गेलं, कुणी मनिलात. दोघांनी दोन वर्षांत शेगडीचा नाद सोडला आणि मोबाइलच्या दुकानात उभे राहिले. एकानं बाजाराजवळ बात्चोयची, म्हणजे शेवयांच्या सुपाची, गाडी लावली, आणि त्याच्यापुढे दुपारी रांग लागते. जोव्हेलिन जहाजावर गेली. प्रवासी जहाजाच्या पोटातल्या त्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात तिनं पहिलं वर्ष नुसते बटाटे सोलले. अकराव्या वर्षी तिच्या हाताखाली साठ माणसं होती. मग साथ आली, जहाजं बंदरात उभी राहिली, आणि सगळे आपापल्या गावी परतले. इलोइलोतलं हॉटेल पुन्हा सुरू झालं, तेव्हा तिथल्या मुख्य शेफनी, शेफ आन्सेल्मोंनी, तिचे जहाजावरचे कागद बघून तिला लगेच घेतलं. वास येतो का, असं शेफला कोण विचारतं?

ती काट्यावर तोलून मसाला टाकायची. घड्याळ लावून लसूण परतायची. मासा ताजा आहे का हे डोळ्यांत आणि कल्ल्यांत बघायची, बोटानं दाबून बघायची. आठवणीच्या जोरावर चालवत होती सगळं.

ओळखलं ते रोडेलनं. रोडेल गुम्बान तिच्याच तुकडीतला. हातानं मंद, पण सॉस ढवळायला बसवावा तर असा दुसरा नाही. हॉटेलात तो तिच्या हाताखाली होता. एक दिवस सगळे जेवायला गेल्यावर तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"जोव्ह, दोन वर्षं तुझ्या शेजारच्या शेगडीवर शिकलोय मी. सकाळी तुझ्या पाठीमागे दूध करपलं. सगळ्या किचनला कळलं, आणि तू भिंतीवरची यादी वाचत उभी."

जोव्हेलिननं दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. मॅम पुरिंगना तर अजिबात नको."

"मी कशाला सांगतोय?" रोडेल म्हणाला. "पण असं किती दिवस रेटणार?"

दुसऱ्या दिवसापासून रोडेल काहीतरी निमित्त काढून तिच्या पातेल्याशी येऊ लागला. "आलं जरा पुढे गेलं का, शेफ?" असं सहज बोलल्यासारखं बोलायचा. ती समजून घ्यायची. दोघांनी मिळून असे सहा महिने ढकलले.

मग ते लग्न आलं. दोनशे पाहुणे. नेमका त्याच दिवशी रोडेलच्या धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा होता, त्यामुळे तो रजेवर. पहाटे नारळाचं दूध काढून ठेवलं होतं आणि मध्ये दोन तास वीज गेली. दुपारी त्याच दुधात खेकडे आणि भोपळा शिजायला पडले. शेगडीवरच्या बाईनं पातेल्यात डोकावून म्हटलं, "शेफ, दूध जरा…"

"जरा काय?"

"काही नाही शेफ. तुम्ही बघितलंय ना."

जोव्हेलिननं चाखलं. आंबटसर लागलं. पण त्यात आंबट पाला घालायचाच असतो, तो आधीच पडला असेल असं तिला वाटलं. "जाऊ दे," ती म्हणाली.

पाला अजून पडायचा होता.

दहा मिनिटांत ताटल्या परत येऊ लागल्या. नवरीच्या आजीनं पहिला घास रुमालात काढला आणि साऱ्या मेजाला ऐकू जाईल असं विचारलं, "हे आत कुणी चाखलं तरी होतं का?"

शेफ आन्सेल्मो पातेलं उचलून थेट जोव्हेलिनच्या तोंडाशी घेऊन आले. "वास घे."

ती वाकली. छातीभर श्वास घेतला. गरम वाफ नाकात शिरली एवढंच कळलं. समोर चौदा माणसं उभी होती. तिनं आयुष्यात दिलेल्या सगळ्या परीक्षांपेक्षा ही अवघड होती, आणि तिला आधार घ्यायला एकही खूण नव्हती.

"ठीक वाटतंय, शेफ."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चौदांपैकी दोघांनी नाकाला फडकं लावलेलं होतं, ते तिला आत्ता दिसलं.

नशीब, कुणी आजारी पडलं नाही. संध्याकाळी शेफ आन्सेल्मोंनी तिला खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आधी सांगायचंस ना गं. मी तुझ्याशेजारी एक माणूस उभा केला असता."

"दुय्यम शेफ म्हणून ठेवलं असतंत मला?"

माणूस खोटं बोलणारा नव्हता. "नाही," ते म्हणाले. "कोठार बघशील का? मालाची आवक, मागण्या… तिथे मला विश्वासू माणूस हवाय."

तिनं आभार मानले आणि आठवड्यानं राजीनामा दिला. नाक कापलं जाणं म्हणतात ते हेच, असं तिला मियागाओच्या जीपनीत बसल्यावर वाटलं. आणि आपल्याला तर कापायलाही काही उरलेलं नव्हतं.

घरी आई ओट्यावर बसून जवळा निवडत होती. जोव्हेलिननं सगळं सांगून टाकलं. दीड वर्ष आईपासूनही लपवलं होतं तिनं. आई ऐकत राहिली, हात थांबले नाहीत.

"म्हणजे माझ्या मडक्यांचाही वास येत नाही तुला?"

"नाही, नानाय."

"मग सुटलीस की! जन्मभर नाक मुरडायचीस." एवढं बोलून तिनं लेकीकडे बघितलं आणि चेष्टा आवरती घेतली. "इंदाय, मला तरी कुठे येतोय? वीस वर्षं होऊन गेली."

"तुला? मग मडकं मुरलं ते कसं कळतं?"

"बोट घालते. चिकट लागलं की अजून आठ दिवस. लोण्यासारखं निसटलं की झालं." आईनं जवळ्यातला खडा उचलून फेकला. "तू लहानपणी दारातून ओरडून सांगायचीस, तेव्हा मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, घरात एकीला तरी येतोय."

जोव्हेलिनला हसू आलं आणि मग रडू आलं. आईनं दोन्ही होऊ दिलं.

महिनाभर ती घरीच होती. जवळा सुकव, मडकी धू, बाजारात बस. एका रविवारी रोडेल आला. बसायच्या आधीच म्हणाला, "मॅम पुरिंग हॉस्पिटलात आहेत. कॅन्सर. औषधांचे डोस चालू आहेत, पण खात काही नाहीत. तुझी चौकशी करत होत्या."

"तू सांगितलंस त्यांना?"

रोडेलनं चप्पल नीट लावून ठेवायला बराच वेळ घेतला. "त्यांनी विचारलं गं. त्यांनी विचारलं की मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी ती गेली. मॅम पुरिंग पलंगावर एवढ्याशा दिसत होत्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. शेजारच्या ट्रेमध्ये उकडलेला मासा आणि तांदळाची पेज, पेजेवर साय धरलेली.

"ये. लपून बसली होतीस म्हणे."

"मॅम, रोडेलनं…"

"रोडेलला सॉस ढवळायला ठेवावं, गुपित राखायला नाही. बस. ती पेज चाख."

"मला कळणार नाही, मॅम."

"आणि मला कळतंय असं वाटतं तुला? तोंडात खिळे भरल्यासारखं झालंय. पाणीसुद्धा लोखंडाचं लागतं. आपण दोघी मिळून अर्धा शेफ होत नाही आज." त्या हसायला गेल्या, खोकला आला. खोकला थांबल्यावर वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "काय गेलं ते मला नको सांगूस, ते मला पाठ आहे. काय उरलंय?"

जोव्हेलिन एकेक आठवून सांगू लागली. "मीठ कळतं. आंबट कळतं. मिरची झोंबते. थंड, गरम. कुरकुरीत. गुळगुळीत."

"मलाही जवळजवळ तेवढंच. मीठ कमी, आंबट जास्त. मग त्याच्यावर कर काहीतरी. उद्या आण. पण आधी खाली त्या आहाराच्या बाईला विचार, नाहीतर कॅन्सरच्या आधी तूच मला पोचवशील."

आहारतज्ज्ञ मिस हेल्बेसोन तरुण होत्या आणि कामानं पिचलेल्या. त्यांनी बोटं मोजत बजावलं: कच्चं काही नाही, तिखट नाही, बाहेरचा बर्फ नाही, सगळं उकळलेलं. जोव्हेलिननं लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी तिनं माशाचं निवळ सार नेलं, बातुआनचं फळ घालून आंबट केलेलं, गरमागरम. झाकण काढताच मॅम पुरिंगनी तोंड फिरवलं आणि त्यांना उमळून आलं. वाफेबरोबर वास चढला होता. जोव्हेलिनला तो येतच नव्हता, म्हणून तिच्या ध्यानातही आलं नव्हतं की याच माणसाला तो सोसत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पपनसाचा रस उकळून, गार करून नेला. त्यांच्या तोंडात फोड आले होते. पहिल्याच घोटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नापास," त्या कशाबशा म्हणाल्या. "उद्या ये."

त्या दुपारी जोव्हेलिन तिथेच बसून राहिली आणि फक्त बघत राहिली. नर्स औषध पाजायला आली, तेव्हा तिला दिसलं, की मॅम पुरिंगचं तोंड वाकडं होतं ते औषध जिभेवर पडायच्या आधीच. चमचा ओठाला लागतो तेव्हा. स्टीलचा चमचा.

तिसऱ्या दिवशी तिनं तेच सार केलं, पण गाळून गाळून पाण्यासारखं नितळ. बातुआनचा आंबटपणा अगदी बेतानं. त्यात गुलामान, म्हणजे समुद्रशेवाळाची जेली, विरघळवून ते थिजवलं, जिभेवर ठेवताच सुटेल इतकं मऊ. आत अपुलिदचे बारीक तुकडे, शिंगाड्यासारखे, उकळले तरी कुरकुरीत राहणारे. हे सगळं थंडगार, म्हणजे वास उठायचा प्रश्नच नाही. आणि बांबूचा चमचा.

मॅम पुरिंगनी एक चमचा घेतला. डोळे मिटले. दाताखाली तुकडा फुटला, तो आवाज जोव्हेलिनला ऐकू आला. मग दुसरा घेतला. एकूण अकरा चमचे झाले. बारावा त्यांनी बाजूला सारला आणि म्हणाल्या, "मीठ अजून थोडं चाललं असतं." जोव्हेलिनला पदक मिळाल्यासारखं झालं.

शेजारच्या पलंगावर मानांग तेरेसिता होत्या, साखर कारखान्यातल्या जुन्या कारकून. चार दिवस त्या हे सगळं मान वळवून बघत होत्या. "बाई गं," त्या म्हणाल्या, "उरलं असेल तर इकडे दे की. मी काय पाप केलंय?"

असं करता करता महिन्याभरात जोव्हेलिन सहा जणींचे डबे आणू लागली. दर वेळी आधी शेजारी बसायची, विचारायची, बघायची. एकीला थंड चालायचं नाही, एकीला फक्त गुळगुळीत गिळता यायचं. एकीला कशानंच फरक पडला नाही आणि तिनं तसं स्वच्छ सांगितलं. मिस हेल्बेसोननी एक दिवस तिला जिन्यात गाठलं. "आमच्या स्वयंपाकघरात जागा आहे. शेफ नाही म्हणत आमच्याकडे. स्वयंपाकी म्हणतात."

जोव्हेलिननं वर येऊन मॅम पुरिंगना सांगितलं. सांगताना आवाजात काय होतं ते त्यांनी ओळखलं असावं. जहाजावर साठ माणसांना कामाला लावलेली बाई, हॉस्पिटलात पेज ढवळणार. तुकडीतले सगळे एकेक पायरी वर चढत होते, आणि तिला वाटत होतं, आपला जिना कुणीतरी उलटा लावलाय.

"तुम्हाला काय वाटतं, मॅम?"

"मला वाटतं, ती जागा तू घे किंवा सोड, उद्याचा डबा मात्र चुकवू नकोस."

तिनं घेतली. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिनं तिथल्या मुख्य बाईंना, मानांग लुदिंगना, सांगून टाकलं, "मला वास येत नाही. अजिबात नाही." सव्वीस वर्षं तिथे काढलेल्या लुदिंगनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग गॅस सुटला तर?"

"कळणार नाही मला."

"बरं. गॅस मी बघते. तू शेवटच्या शेगडीवर उभी राहा, माझ्या नजरेसमोर." आणि त्या तांदूळ धुवायला वळल्या. एवढंच झालं. ज्या वाक्याला जोव्हेलिन दीड वर्ष घाबरत आली होती, ते बोलून झालं होतं आणि तांदूळ अजून धुवायचेच होते.

मॅम पुरिंग आणखी नऊ महिने होत्या. काही आठवडे चांगले गेले, गालांवर थोडं मांस आलं. शेवटी शेवटी मात्र काहीच जाईना. डबे जसेच्या तसे परत येऊ लागले. जोव्हेलिन हट्टानं नवं नवं करत राहिली, तेव्हा त्यांनीच तिचा हात धरला. "पुरे आता, इंदाय. हात आखडता घ्यायलाही शिकायला हवं शेफनं." त्यानंतर ती नुसता ओला बोळा त्यांच्या ओठांना लावायची आणि शेजारी बसायची.

मार्चमध्ये त्या गेल्या. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर लोकांना जेवण घालायचं, ते त्यांच्या विद्यार्थ्यांनीच करावं असं ठरलं. बावीसपैकी तेरा जण जमले. अंगणात चुली मांडल्या, मोठमोठी पातेली चढली. दोहाहून आलेल्या एकानं जोव्हेलिनला विचारलं, "तू कुठे असतेस हल्ली?"

"हॉस्पिटलात."

"अरे देवा! काय झालं? बरी आहेस ना?"

"स्वयंपाक करते तिथे."

तिनं त्याला कढईकडे पिटाळलं.

खेकडे, भोपळा, नारळाचं दूध. मॅम पुरिंगना आवडायचं म्हणून तेच होतं. अंगणाच्या त्या टोकाहून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "जोव्ह! इकडे ये, वास घेऊन सांग, झालं का!"

बोलणारीला बोलल्यावर आठवलं. ज्यांना माहीत होतं ते गप्प झाले, ज्यांना नव्हतं ते, हे का गप्प झाले म्हणून गप्प झाले. रोडेलनं डाव खाली ठेवला.

जोव्हेलिन हात पुसत पातेल्याशी गेली. "वास रोडेल घेईल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माझं नाक गेलं, दोन वर्षं होऊन गेली. मीठ आणि शिजलंय का ते मी सांगते." तिनं पळीत थोडं घेतलं, फुंकलं, चाखलं. खेकड्याची नांगी बोटानं दाबली. भोपळ्याची फोड टाळूवर दाबून बघितली.

"मीठ कमी आहे. भोपळ्याला अजून दोन मिनिटं. रोडेल?"

रोडेल पातेल्यावर वाकला, डोळे मिटून त्यानं सावकाश श्वास घेतला. "दूध गोड आहे," तो म्हणाला. "आलं बरोबर आहे."

कुणीतरी मिठाचा डबा पुढे केला. जोव्हेलिननं चिमटीनं मीठ टाकलं, पातेलं ढवळलं आणि ताटं मांडायला सांगितली. बाहेर लोक बाकांवर येऊन बसू लागले होते.